पद गाजते, पदकर्ता मागे राहतो

दरवर्षी 25 जानेवारीला संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी जाहीर होते, तेव्हा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम ऐन भरात असतो. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झालेल्या असतात, शंकरपटांचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे दिवस असतात आणि वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या रोज नव्या गावाकडे निघालेल्या असतात. 2023 च्या यादीत झाकीर हुसेन यांना पद्मविभूषण होते, सुमन कल्याणपूर यांना पद्मभूषण होते आणि त्याच यादीत गडचिरोली जिल्ह्यातले नट परशुराम खुणे यांची पद्मश्री होती. सुमारे पाच हजार प्रयोग आणि आठशे भूमिका, असा त्यांच्या कामाचा हिशेब तेव्हा सांगितला गेला. झाडीच्या माणसाला या बातमीने किती बरे वाटले, ते शब्दांत सांगणे अवघड आहे. रात्रभर जागून पाहिलेल्या नाटकांना दिल्लीतून दाद मिळाली होती.

तेव्हापासून रसिकांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो: आता पुढचे नाव कोणाचे? कोणी नटाचे नाव घेतो, कोणी नाटककाराचे, कोणी कंपनी चालवणाऱ्याचे. स्वतः पद बांधून स्वतःच गाणाऱ्या जुन्या माणसाचे नाव मात्र फार क्वचित पुढे येते. या भागातली गायनकला आटली आहे असे मला मुळीच वाटत नाही. तिची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही, आणि नोंद नसलेल्या माणसाची शिफारस करायची तरी कशी?

झाडीपट्टीचे नाटक आजही गाण्यावर उभे आहे. मुंबई-पुण्याच्या रंगमंचावरून ऑर्गन जवळपास गेला, इथे तो अजून वाजतो. सोबत तबला आणि अलीकडे ऑक्टोपॅड असतो, आणि नट-नटी समोर उभे राहून गातात. पद रंगले की आयोजकांच्या माइकवरून घोषणा होते, अमक्या गावच्या अमक्या पाटलांकडून गायिकेला पन्नास रुपये बक्षीस. गायिका तान थांबवत नाही, नुसते हात जोडून ते स्वीकारते. पुढच्या कडव्याला दुसरे नाव पुकारले जाते. इथल्या गायकाचा पहिला पुरस्कार हाच, आणि तो देणाऱ्याने गाणे खरोखर ऐकलेले असते. पण त्या घोषणेत बक्षीस देणाऱ्याचे नाव असते, गाणाऱ्याचे असते, पद लिहिणाऱ्याचे नसते. पत्रकावर नटांचे फोटो मोठे आणि गीतकाराचे नाव असलेच तर तळाशी बारीक अक्षरांत. चाल कोणाची, हे तर कुठेच नसते.

नाटकातली पदे कमी होत चालली आहेत, हेही सांगायला हवे. पदांचा वेळ रेकॉर्डिंग डान्सने खाल्ला आहे, आणि नवी पदे म्हणून सिनेमाच्या चालीवर शब्द बसवलेले ऐकायला मिळतात. प्रेक्षकांना तेच हवे असते, असे कंपनीवाले सांगतात. मला हे पटत नाही. चांगल्या गायिकेने प्रसंगातून उगवलेले पद लावले की अख्खा मंडप कसा गप्प होतो, हे त्यांनीही अनेकदा पाहिले आहे.

नाटकाच्या आधीची परंपरा तर पदकर्त्यांचीच होती. खडी गंमत या इथल्या लोकनाट्यातला शाहीर स्वतः रचायचा, स्वतः गायचा आणि समोरच्या फडाच्या सवालाला जागच्या जागी जबाब बांधायचा. दंडार या लोकनाट्यातली गाणी गावात रचली जायची आणि गावाच्या तोंडी राहायची. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने झाडीबोलीसाठी आणि दंडारीसाठी आयुष्य वेचले, म्हणून त्यातले काही कागदावर तरी उतरले. बाकीचे शाहिरांच्या वह्यांत आहे, आणि त्या वह्या कोणाच्या माळ्यावर पडल्या आहेत ते त्यांच्या नातवंडांनाही ठाऊक नसते.

या भूमीशी जोडला गेलेला सर्वांत मोठा गायक-गीतकार कोण, असे विचारले तर मी बिनदिक्कत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव घेईन. जन्म 1909 चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरचे आणि त्यांचे नाते तोडून सांगता येत नाही. 16 ऑगस्ट 1942 ला ‘चले जाव’ आंदोलनात चिमूर पेटले, त्यामागे त्यांच्या भजनांची धग होती असे इंग्रज सरकारलाही वाटले, आणि त्याच महिन्यात त्यांना अटक झाली. हातात एक खंजेरी, समोर हजारोंचा जमाव, शब्द स्वतःचे आणि चालही स्वतःची. खंजेरीवर थाप पडली की चकत्या झणझणतात, मग क्षणभर सगळे थांबते आणि त्या थांबण्यात शब्द येऊन पडतो. त्यांची लय अशी आहे, आणि ती कोणत्याही शास्त्रीय ठेक्याइतकी विचारपूर्वक घडवलेली आहे. त्यांना भारतरत्न द्यावे ही मागणी वारंवार होते, नागपूरच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. तरीही त्यांच्याकडे संत, समाजसुधारक, ग्रामगीतेचे कर्ते म्हणून पाहिले जाते, रचनाकार म्हणून त्यांची समीक्षा जवळजवळ झालेलीच नाही. 2016 मध्ये बॉब डिलनला साहित्याचे नोबेल मिळाले तेव्हा मराठीत गाणे आणि कविता यांवर बरेच लिहिले गेले. त्या वेळी खंजेरीवरची ही मोठी रचना कोणाला आठवली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

महाराजांनी एक गोष्ट मात्र जुन्या संतांप्रमाणे पाळली. भजनाच्या शेवटी आपली नाममुद्रा ठेवली. त्यामुळे भजन कुठेही गेले तरी कर्ता सोबत जातो. आज गावोगाव खंजेरी भजनाच्या स्पर्धा भरतात, त्यांत महिला मंडळे, पुरुष मंडळे, लहान मुले हिरिरीने उतरतात. या स्पर्धांनी गळे घडवले, हे त्यांचे मोठे श्रेय. पण बऱ्याच ठिकाणी राष्ट्रसंतांचीच भजने गायची असतात, आणि गायक, तबलावादक, खंजेरीवादक यांना बक्षीस असले तरी नव्या रचनेला नसते. ज्या माणसाने जन्मभर नवे रचले, त्याच्या नावाच्या स्पर्धेत नवे रचणाऱ्याला जागा नसावी, हे बदललेच पाहिजे.

भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया-गोंड गावांत तर प्रश्न आणखी निराळा. रेला हे फेराचे गाणे गाताना बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून फेर धरतात, एक गट ओळ टाकतो, दुसरा उचलतो. ते गाणे एकटीचे नसतेच. राज्य शासनाच्या सांस्कृतिक पुरस्कारांत शाहिरी, लोककला आणि आदिवासी गिरिजन असे विभाग आहेत, पण तेही व्यक्तीलाच दिले जातात. अशा ठिकाणी पुरस्कार गावाला का देऊ नये?

सीमेपलीकडे पाहा. गडचिरोलीला लागून छत्तीसगड आहे. तिथल्या तीजनबाईंची पंडवानी, म्हणजे गाऊन सांगितलेली महाभारतकथा, नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीरांसारख्या जाणत्याने हेरली, दूरदर्शनच्या ‘भारत एक खोज’मधून ती घरोघर पोचली, आणि पुढे पद्मभूषण 2003 मध्ये, पद्मविभूषण 2019 मध्ये मिळाले. हबीबजींनी ‘नाचा’ या तिथल्या लोकनाट्याचे खेडूत कलावंत घेऊन ‘चरणदास चोर’ 1982 मध्ये एडिंबरोपर्यंत नेले. तिथला गळा इथल्यापेक्षा मोठा होता म्हणून हे घडले नाही. कोणीतरी ऐकले, नोंदवले, नाव घेऊन पुढे ठेवले. आपल्याकडे तसा माणूस आला नाही, आणि आपणही ते काम केले नाही.

नोंद नसल्याचा फटका मानधनालाही बसतो. राज्यात ज्येष्ठ कलावंतांना मानधन मिळते. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालणाऱ्या त्या योजनेत 2024 पासून सर्वांना महिना 5,000 रुपये झाले, राष्ट्रीय, राज्य, स्थानिक अशी जुनी उतरंड गेली, हे फार चांगले झाले. पण त्यासाठीही कलेचे पुरावे जोडावे लागतात. पन्नास वर्षे मंडईत गायलेल्या माणसाकडे पुरावा म्हणून दाखवायला बहुधा आवाजच उरलेला असतो, आणि तोही वयाने बसलेला.

पद्म पुरस्कारासाठी कोणीही नागरिक कोणाचीही शिफारस ऑनलाइन करू शकतो. जास्तीत जास्त आठशे शब्दांत त्या माणसाचे काम लिहायचे असते. हे पुरस्कार सहसा मरणोत्तर दिले जात नाहीत, म्हणून घाई करायला हवी. चंद्रपूरला आकाशवाणीचे केंद्र आहे, गडचिरोलीला 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. या दोघांनी एकेका तालुक्यातल्या वृद्ध शाहिरांचे, भजनकारांचे ध्वनिमुद्रण हाती घ्यावे. कंपन्यांनी येत्या हंगामापासून पत्रकावर पदकर्त्याचे आणि चाल बांधणाऱ्याचे नाव ठळक छापावे. आणि वाचकहो, तुमच्या गावात स्वतःचे पद गाणारा म्हातारा असेल, तर या आठवड्यात त्याच्याकडे जा, मोबाइलवर त्याचे गाणे घ्या आणि सुरुवातीला त्याच्याच तोंडून त्याचे नाव, गाव आणि पद कधी बांधले ते वदवून घ्या.