साधे बहुमत आणि व्यापक सहमती : संसदीय निर्णयप्रक्रियेचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :
ग्रॅनव्हिल ऑस्टिन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द इंडियन कॉन्स्टिट्यूशन : कॉर्नरस्टोन ऑफ ए नेशन’ या ग्रंथात संविधान सभेच्या सहमतीच्या कार्यपद्धतीचा विशेष गौरव केला आहे. या गौरवातून सहमती ही साध्या बहुमतापेक्षा नेहमीच श्रेष्ठ असते, असा समज निर्माण होऊ शकतो. संसदेच्या अनुभवावर हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे.

घटनात्मक चौकट :
अनुच्छेद १०० नुसार सभागृहाचे सर्वसाधारण निर्णय उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतात. गणपूर्ती एक-दशांश असल्यामुळे ५४३ सदस्यांच्या लोकसभेत ५५ सदस्य उपस्थित असताना २८ मतांनीही एखादे विधेयक संमत होऊ शकते. अनुच्छेद ३६८ खालील घटनादुरुस्तीला मात्र एकूण सदस्यसंख्येचे बहुमत व मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते. संघराज्यविषयक काही तरतुदींसाठी किमान निम्म्या राज्यांचे अनुसमर्थनही आवश्यक असते. ही प्रतवारी संविधानातील तरतुदींच्या महत्त्वानुसार ठरते. एखादा साधा कायदा जनजीवनावर किती खोल परिणाम करणार आहे, याचा विचार तीत होत नाही.

सहमतीची किंमत :
हिंदू संहिता विधेयक हे याचे बोलके उदाहरण होय. विरोधकांची समजूत घालण्यात विधेयक रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये चार स्वतंत्र कायदे झाले. परंतु तडजोड म्हणून १९५६ च्या उत्तराधिकार कायद्यात मिताक्षरा सहदायिकी कायम राहिली व मुली तिच्याबाहेर राहिल्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना सहदायिक केले. म्हणजेच सहमतीची किंमत चर्चेत भाग घेणाऱ्यांनी नव्हे, तर मुलींच्या जवळजवळ दोन पिढ्यांनी मोजली.

साध्या बहुमताची मर्यादा :
याउलट २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत दोन कृषी विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. ती प्रवर समितीकडे पाठवावीत व मतविभाजन घ्यावे, या विरोधी सदस्यांच्या मागण्या मान्य झाल्या नाहीत. दीर्घ शेतकरी आंदोलनानंतर २९ नोव्हेंबर २०२१ रोजी कृषी कायदे रद्द करणारे विधेयकही दोन्ही सभागृहांनी चर्चेविना संमत केले. कायदा करताना व तो मागे घेतानाही सभागृहाचे विचारमंथन टळले. बहुमताला कायदेशीर अधिकार मिळाला, परंतु ज्यांच्यावर परिणाम होणार होता त्यांचा विश्वास मिळाला नाही.

निष्कर्ष :
वरील दोन्ही उदाहरणांतील दोष मतांच्या संख्येत नाही. हिंदू संहितेवर समित्या, साक्षी व सभागृहातील चर्चा अशी वर्षानुवर्षे छाननी झाली होती; त्यानंतर साध्या बहुमताने निर्णय घेणे न्याय्य होते. सर्वांची संमती ही अट ठेवल्यास विद्यमान विषमतेचे लाभार्थीच नकाराधिकार वापरतात. कृषी कायद्यांबाबत नेमकी ही छाननीच झाली नाही. म्हणून व्यापक चर्चा अनिवार्य असावी, व्यापक सहमती नव्हे. दूरगामी विधेयके समितीकडे पाठविणे बंधनकारक करणे व अंतिम टप्प्यावर नोंदविलेले मतदान घेणे, या दोन सुधारणांनी साधे बहुमत अधिक उत्तरदायी होईल. अल्पमताला ऐकले जाण्याचा पूर्ण हक्क आहे; इतरांचा न्याय अनिश्चित काळ रोखून धरण्याचा नाही.