पहिल्या वाचकांची अस्वस्थता

हेन्री जेम्स यांची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही लघुकादंबरी १८९८ च्या जानेवारी ते एप्रिल या काळात ‘कॉलिअर्स वीकली’ या अमेरिकन साप्ताहिकात क्रमशः आली, आणि त्याच वर्षी ‘द टू मॅजिक्स’ या पुस्तकात समाविष्ट झाली. ब्लाय येथील एकाकी वाड्यात दोन पोरक्या मुलांना सांभाळावयास आलेल्या तरुण शिक्षिकेला पूर्वीचा नोकर क्विंट व पूर्वीची शिक्षिका मिस जेसल ही मृत माणसे दिसू लागतात. ती मुलांना आपल्याकडे ओढीत आहेत, अशी तिची खात्री होते. हे सारे आपल्याला कळते ते तिच्याच लेखणीतून.

ही भुते खरी की तिच्या मनाचा भ्रम, हा वाद एडमंड विल्सन यांच्या १९३४ च्या निबंधाने पेटविला. तेव्हापासून भुतांवर सरळ विश्वास ठेवणारे पहिले वाचक भोळे ठरले. आमच्या मते हा त्यांच्यावर अन्याय आहे.

‘द इंडिपेंडंट’ या नियतकालिकाच्या परीक्षणकर्त्याचेच उदाहरण घ्यावे. १८९९ च्या आरंभी त्याने या कथेवर अत्यंत कठोर प्रहार केला. शिक्षिकेविषयी त्याला शंका आली नाही हे खरे. परंतु निष्पाप बालकांवरील अत्याचाराला, निदान हताशपणे उभे राहून, आपणही हातभार लावला, ही वाचनानंतरची भावना त्याने नोंदविली. हा नीतिवाद्याचा त्रागा म्हणून सोडून देता येत नाही. कथेतील अत्याचार कोणता, हे जेम्स यांनी कोठेच सांगितलेले नाही. माइल्सला शाळेतून का काढले, याचे उत्तर अखेरीस एवढेच मिळते की, आवडत्या काही मुलांजवळ तो काही बोलला. काय बोलला? ती जागा कोरी आहे. ती भरतो तो वाचक, आणि भरल्यावर स्वतःच दचकतो.

जेम्स यांनी १९०८ च्या प्रस्तावनेत हे उघड मान्य केले आहे. दुष्टतेचा तपशील आपण दिलाच नाही, तो वाचकाच्या अनुभवाने व कल्पनेने पुरविला; आणि मग त्याचा दोष तो लेखकावर ढकलतो, असे त्यांचे म्हणणे. युक्तिवाद चतुर आहे, पण पुरता प्रामाणिक नव्हे. कोऱ्या जागा आपोआप पडत नाहीत. आणि येथे त्या नेमक्या मुलांच्या अवतीभवती आहेत.

विल्सन यांच्या वाचनात ती दुष्टता शिक्षिकेच्या मनात जाऊन बसते. (मग तिने केलेल्या वर्णनावरून मिसेस ग्रोस क्विंटला कसे ओळखते, हा वॉल्डॉक यांचा १९४७ चा आक्षेप अडचणीचा ठरतो, पण ते असो.) वाचक मात्र सुटतो. तो आता रोगाचे निदान करणारा वैद्य होतो. १८९९ चा परीक्षणकर्ता ज्या जागी उभा होता, तेथे त्याला उभे राहावे लागत नाही.

शेवटचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहावा. खिडकीशी आकृती आहे, आणि माइल्सने नाव उच्चारावे म्हणून शिक्षिका त्याला घट्ट धरून बसली आहे. आपणही ते ऐकण्यास तितकेच उत्सुक असतो. मुलगा नाव उच्चारतो, आणि तिच्या मिठीतच त्याचे हृदय थांबते.