बाजूच्या दाराचा इतिहास

लहान शहरांतील नगरभवने आणि चित्रपटगृहे यांचे इतिहास हौसेने लिहिले जातात. पायाभरणी कोणी केली, खुर्च्या किती होत्या, पहिला बोलपट कोणता लागला, टेलिव्हिजन आल्यावर थिएटर कसे ओस पडले, हे सारे त्यांत असते. 'सारे गाव तेथे जमत असे' हे वाक्य तर हटकून येते. आमचा आक्षेप या वाक्याला आहे. सारे गाव म्हणजे कोण? आणि ते कोणत्या दाराने आत येत असे?

ऑस्ट्रेलियातील दोन गावांच्या आधारे हा प्रश्न तपासता येतो. तेथील व्यवस्था जातीची नव्हे, वंशाची होती. पण तिची रीत आपल्याला अनोळखी वाटणार नाही.

न्यू साउथ वेल्स राज्यातले बाउराविल हे गाव गुंबाइंगिर या आदिवासींच्या भूमीवर वसलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात तेथे थिएटर उभे राहिले. गोरे प्रेक्षक दर्शनी दाराने आत जात. आदिवासींचे तिकीट वेगळे, दार वेगळे. पडद्यापुढच्या लाकडी बाकांवर त्यांची जागा होती आणि मध्ये आडोसा होता. खेळ सुरू झाल्यावरच त्यांना आत सोडत. चित्रपटगृहाच्या अंधारात माणसे सारखी होतात असे रसिक मंडळी सांगतात. येथे अंधाराचा उपयोग उलट झाला. अंधार झाल्यावर या, म्हणजे तुम्ही दिसणार नाही! ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला त्यांना हा युक्तिवाद समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरे गाव मोरी. तेथील नगरपालिकेने १९५५ साली रीतसर ठराव करून आदिवासींना पोहण्याच्या तलावात आणि मेमोरियल हॉलमध्ये मज्जाव केला. मेमोरियल हॉल, म्हणजे युद्धाचे स्मारक असलेले सभागृह. आदिवासी सैनिक दोन्ही महायुद्धांत लढले होते. कोरेगावच्या स्तंभावर महार शिपायांची नावे कोरली गेली, आणि पुढे त्याच महारांना सैन्यभरतीसाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या, हे आठवावे.

थिएटर आणि हॉल यांतला हा फरक महत्त्वाचा आहे. थिएटरवाल्याला आदिवासीचा पैसा हवा असतो, म्हणून तो त्याला हाकलत नाही. त्याच्यासाठी बाजूचे दार काढतो. हॉलमध्ये तिकिटापेक्षा मान मोठा. तेथे समारंभ होतात, नाच होतात, गावाचा नागरिक कोण ते ठरते. म्हणून तेथे दारच नाही. बाजार माणसाला अर्धा आत घेतो आणि नागरी प्रतिष्ठा त्याला पुरता बाहेर ठेवते. आपल्याकडे महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. कागद उघडा, तळे बंद! ते उघडायला १९२७ साली बाबासाहेबांना आणि हजारो माणसांना चालत जावे लागले. आणि डिसेंबरच्या परिषदेच्या मंडपासाठी जागा मिळाली ती एका मुसलमान गृहस्थाची. सभेला जागा कोण देतो, हाही नगरभवनाच्याच इतिहासाचा भाग आहे.

फेब्रुवारी १९६५ मध्ये सिडनी विद्यापीठाचे विद्यार्थी बस घेऊन या गावांत गेले. त्यांचे पुढारी चार्ल्स पर्किन्स स्वतः आदिवासी होते. मोरीत ते आदिवासी मुलांना घेऊन तलावावर गेले. मुलांना प्रवेश मिळाला. बस पुढे गेल्यावर पुन्हा मनाई झाली, तेव्हा ती परत फिरली. अंडी आणि टोमॅटो खाल्ल्यावर ठराव मागे घेण्याचे आश्वासन मिळाले. बाउराविलमध्ये थिएटरवाल्याने खेळच बंद ठेवला. सर्वांना एका दाराने घेण्यापेक्षा धंदा बुडालेला बरा, असा तो हिशेब होता. येथे नफ्याचे तर्कशास्त्रही तोकडे पडते. विषमता ही केवळ पोटाची बाब आहे असे आपले काही मित्र आग्रहाने मांडतात. त्यांनी या बंद खिडकीपुढे थोडे थांबावे.

आपल्या लेखकांनाही यात एक प्रश्न आहे. १९५५ सालचा 'जेडा' हा ऑस्ट्रेलियन चित्रपट. नायक-नायिकेच्या भूमिकांत आदिवासीच होते. त्याचा पहिला खेळ डार्विनच्या ज्या थिएटरात झाला तेथे आदिवासींची बसण्याची जागा वेगळी असे. पडद्यावर आदिवासीचा चेहरा मोठा झाला, खालची रांग हलली नाही. दलित जीवन पडद्यावर आणि रंगमंचावर आले म्हणून संतोष मानणाऱ्या समीक्षेने प्रेक्षागृहाकडे मान वळवून पाहिले आहे काय?

बाउराविलचे थिएटर पुढे बंद पडले, आणि बऱ्याच वर्षांनी गावाने ते दुरुस्त करून पुन्हा उघडले. तेथे आता आडोशाची हकीकतही सांगितली जाते. आपल्या तालुक्यांच्या गावी टुरिंग टॉकीजचे तंबू पडत, गणेशोत्सवात टाउन हॉलवर नाटके होत. तेथे महारवाड्यातली, मांगवाड्यातली माणसे कोठे बसत? त्या रांगा पाहिलेली म्हातारी माणसे अजून आहेत. विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे, आणि खुर्च्या किती होत्या हे शेवटी विचारावे.