आवडता रंग आणि अरण्याचा रंग : चंद्रपूर-गडचिरोलीतील वनछायाचित्रणाची एक समीक्षा

सारांश

निसर्गछायाचित्रणाद्वारे आपला आवडता रंग शोधावा व त्या रंगाशी निगडित भावना व्यक्त करावी, असा उपक्रम महाविद्यालयीन स्तरावर लोकप्रिय होण्याजोगा आहे. प्रस्तुत निबंधात या उपक्रमामागील गृहीतकाची चिकित्सा चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या संदर्भात केली आहे. रंगाचा भाव रंगात नसतो आणि केवळ पाहणाऱ्याच्या आवडीतही नसतो. तो ऋतू, श्रम आणि भय यांच्या संबंधांतून निर्माण होतो. छायाचित्र रंग टिपते, परंतु हा संबंध बहुधा चौकटीबाहेर राहतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : वनछायाचित्रण, रंग, रस, विभाव, ताडोबा, मोह, तेंदू.

१. प्रस्तावना

'तुमचा आवडता रंग कोणता?' हा प्रश्न शाळकरी मुलांच्या वहीपासून मानसशास्त्राच्या प्रश्नावलीपर्यंत सर्वत्र आढळतो. लाल म्हणजे उत्कटता, हिरवा म्हणजे शांती, काळा म्हणजे दुःख अशी उत्तरेही ठरलेली असतात. डिजिटल कॅमेरा आणि पुढे भ्रमणध्वनीतील कॅमेरा विद्यार्थ्यांच्या हाती आल्यानंतर या प्रश्नाला एक नवे क्षेत्र लाभले. घराबाहेर पडावे, आपल्या रंगाची छायाचित्रे काढावीत आणि त्याखाली मनातील भाव लिहावा, हा उपक्रम निरीक्षणाची सवय लावतो म्हणून स्वागतार्हच आहे.

तथापि, तो कोठे राबविला जातो हे महत्त्वाचे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे १९५५ मध्ये घोषित झालेले महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान होय. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि १९९५ मध्ये दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशांहून अधिक भूभाग वनाच्छादित आहे. या दोन जिल्ह्यांत अरण्य हे सहलीचे ठिकाण आहे, तसेच ते हजारो कुटुंबांच्या उपजीविकेचे साधनही आहे. एकाच झाडाखाली, एकाच महिन्यात, पर्यटक आणि मजूर दोघेही उभे असतात. त्यांना दिसणारा रंग एक असला तरी त्याचा अर्थ एक असेल काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

२. रंग आणि रस : एक विसरलेली संज्ञा

रंग व भाव यांचा संबंध भारतीय परंपरेस नवा नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक वर्ण दिला आहे. शृंगाराचा श्याम, हास्याचा श्वेत, करुणाचा कपोत, रौद्राचा रक्त, वीराचा गौर, भयानकाचा कृष्ण, बीभत्साचा नील आणि अद्भुताचा पीत. वरवर पाहता ही देखील एक ठरीव यादीच वाटते. परंतु भरतमुनींच्या मांडणीत रस वर्णापासून उत्पन्न होत नाही. तो विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून निष्पन्न होतो. विभाव म्हणजे भावाला कारण होणारी परिस्थिती. कोण, कोठे, कोणापुढे, कशासाठी उभा आहे हे कळल्याशिवाय रस नाही.

आवडत्या रंगाच्या उपक्रमात नेमकी हीच संज्ञा गळून पडते. तेथे रंग आणि भाव यांची थेट जोडी लावली जाते. विभावाचा विचार होत नाही.

यात कॅमेऱ्याचाही वाटा आहे. कॅमेरा रंगाचा तटस्थ साक्षीदार नसतो. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या संवेदकावर दर चार बिंदूंपैकी दोन हिरव्या, एक लाल व एक निळ्या गाळणीखाली असतो. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या नावे १९७६ मध्ये पेटंट झालेली ही रचना मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेवर बेतलेली आहे. त्यानंतर श्वेत-समतोल आणि रंगांची गडदता यांचे निर्णय यंत्र किंवा छायाचित्रकार घेतो. म्हणजे छायाचित्रातील रंग हा काही अंशी निवडलेला रंग असतो.

रंगीत छायाचित्रणाचे समर्थक रघुवीर सिंह (१९४२-१९९९) यांनी भारतीय दृष्टी मुळातच रंगांची असून कृष्णधवल छायाचित्रण तिला परके आहे, अशी भूमिका मांडली होती. ती वादग्रस्त ठरू शकेल. परंतु त्यांच्या छायाचित्रांत रंग सुटा येत नाही. तो माणसांच्या गर्दीसह, रस्त्यासह, कामासह येतो. आपल्याकडील बहुसंख्य वनछायाचित्रांत याच्या उलट घडते. चौकट जितकी रिकामी तितके चित्र उत्तम, असा संकेत रूढ झाला आहे.

३. केशरी : अद्भुत की भयानक?

ताडोब्याच्या छायाचित्रांचा नायक वाघ आणि त्या छायाचित्रांचा रंग केशरी. वाळलेल्या बांबूच्या पार्श्वभूमीवर हा रंग इतका उठून दिसतो की वाघ लपतो कसा, असा प्रश्न पडावा. याचे उत्तर दृष्टिविज्ञान देते. चितळ-सांबरांच्या डोळ्यांत रंगग्राही पेशी दोनच प्रकारच्या असतात. त्यांना लाल व हिरवा यांतील भेद जाणवत नाही. २०१९ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अशा दृष्टीला वाघाचा केशरी रंग गवत-पानांच्या हिरव्यासारखाच भासतो. ज्या रंगावर आपण लुब्ध होतो, तो त्या नाट्यातील दुसऱ्या पात्राला दिसतच नाही. अरण्यात केशरी हे वाघाचे आवरण आहे. छायाचित्रात तोच त्याचा अलंकार होतो.

मनुष्याला केशरी दिसतो. म्हणून तो सुरक्षित आहे असे मात्र नव्हे. एप्रिल-मे हे पाणवठ्यावर वाघ दिसण्याचे, म्हणून पर्यटनाच्या ऐन बहराचे महिने. तेच तेंदूपाने तोडण्याचेही दिवस. भल्या पहाटे जिप्सी प्रवेशद्वारातून आत शिरते, त्याच वेळी शेजारच्या वनांत स्त्री-पुरुष पाने तोडायला निघालेले असतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. जिप्सीत उभ्या असलेल्या व्यक्तीसाठी झुडपामागे हललेला केशरी हा अद्भुत रसाचा विषय असतो. झुडपापाशी वाकलेल्या व्यक्तीसाठी तो भयानकाचा असतो. रंग तोच, महिना तोच, वाघही कदाचित तोच. भिन्न आहे तो विभाव.

पळसाच्या बाबतीत याची सौम्य आवृत्ती आढळते. फाल्गुनात निष्पर्ण पळस फुलला की छायाचित्राखाली 'वणवा' किंवा 'ज्वाला' हे शब्द हमखास येतात, म्हणजे रौद्राचा आरोप होतो. गावात मात्र ही फुले शिमग्याच्या रंगाची आणि झाडाची पाने पत्रावळीची. तेथे पळसाच्या केशरीत सणाची चाहूल असते.

४. हिरवा : न टिपलेला ऋतू

अरण्याचा रंग कोणता, असे विचारल्यास बहुतेक जण 'हिरवा' म्हणतील. परंतु ताडोब्याचा गाभा क्षेत्राचा भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पर्यटकांसाठी बंद असतो. अर्थात वन जेव्हा सर्वाधिक हिरवे असते, तेव्हा तेथील पर्यटकांचे कॅमेरे बाहेर असतात. आपल्या संग्रहातील ताडोबा हा प्रामुख्याने पिवळा, तपकिरी आणि धुळीचा आहे. तरीही आपण त्याच्याशी हिरव्या शांतीची भावना जोडतो. म्हणजे हा भाव पाहण्यातून आलेला नसून ऐकण्यातून आलेला आहे.

त्या तीन महिन्यांत हिरवा रंग पाहणारे लोक वेगळे असतात. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी हा धानाचा पट्टा. पऱ्ह्यांचा पोपटी, रोवणीनंतर काही दिवस पिवळटलेले रोप आणि मूळ धरल्यावर गडद होत जाणारे धान, या छटांतून शेतकरी पिकाचे भवितव्य वाचतो. त्याच वेळी बांधालगत वाढलेल्या झुडपांचा हिरवा त्याला सावध करतो, कारण त्याआड काय असेल हे दिसत नाही. आशा आणि धास्ती एकाच रंगात, एकाच बांधावर नांदतात. 'शांती' या एका शब्दात हा अनुभव मावत नाही.

५. काळा : मोहाच्या झाडाखाली

काळ्या रंगाचे उदाहरण अधिक बोलके आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळतात. ती पहाटे वेचावी लागतात. पाचोळ्यात फिकट पिवळसर फुले दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची प्रथा आहे. जळालेल्या काळ्या भूमीवर ती मोत्यांसारखी उठून दिसतात. एखाद्या विद्यार्थ्याने या जागेचे छायाचित्र काढले, तर परीक्षक त्यात विध्वंस पाहतील आणि ते अगदीच चुकीचे ठरणार नाही. ही आग पसरून वणवे लागतात, म्हणून वनविभाग या प्रथेला विरोध करतो. परंतु वेचणाऱ्या स्त्रीसाठी तो काळा म्हणजे सारवलेले अंगण आहे. त्यावर तिचे महिन्याचे मीठ-मिरची अवलंबून असते. येथे तीन दृष्टी आहेत आणि तिन्हींना आधार आहे. 'काळा म्हणजे दुःख' हे समीकरण त्यांपैकी एकीलाही स्पर्श करीत नाही.

याउलट मे २०१८ मध्ये ताडोब्यात काळा बिबट पर्यटकांच्या कॅमेऱ्यात आला, तेव्हा त्या काळ्या रंगाचे सर्वत्र कौतुक झाले. दुर्मिळाचा काळा अद्भुत ठरतो. श्रमाचा काळा कुरूप ठरतो.

६. पारवा : चौकटीबाहेरचा रंग

करुणाचा वर्ण कपोत. मराठीत आपण त्याला पारवा म्हणतो. चंद्रपूर शहराच्या परिसरात हा रंग शोधावा लागत नाही. कोळसा खाणी, औष्णिक वीजकेंद्राची राख, सिमेंटची धूळ यांनी तो पानांवर, कौलांवर आणून ठेवला आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूरचा समावेश केला होता. येथून ताडोब्याचे मोहर्ली प्रवेशद्वार सुमारे तीस किलोमीटरवर आहे. पर्यटक हा पारवा पट्टा ओलांडूनच केशरी वाघापर्यंत पोहोचतो, परंतु या पट्ट्यात कॅमेरा पिशवीतच राहतो. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजाची तांबडी धूळ हाच प्रश्न वेगळ्या रंगात उभा करते. पारवा कोणाचाच 'आवडता' नसतो, म्हणून आवडीवर आधारलेल्या उपक्रमात तो कधीच येणार नाही. या पद्धतीचा हा सर्वांत गंभीर दोष होय.

७. एक आक्षेप

छायाचित्र ही कला आहे, पंचनामा नव्हे. कलावंताला सौंदर्य निवडण्याचा अधिकार आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. तो मान्य आहे. आवड हा पाहण्याचा प्रारंभ असू शकतो. आक्षेप आहे तो आवडीलाच अर्थ मानण्यावर. या संदर्भात एक गोष्ट लक्षणीय आहे. व्याघ्रगणनेत वाघांची ओळख कॅमेरा-सापळ्यांनी टिपलेल्या पट्ट्यांच्या रचनेवरून पटविली जाते आणि रात्री अवरक्त प्रकाशात टिपलेल्या चित्रांत केशरी रंग नसतोच. तारीख, वेळ आणि स्थळ मात्र प्रत्येक चित्रासोबत नोंदलेले असते. ही चित्रे कोणी भिंतीवर लावणार नाही. परंतु वाघाला त्याच्या जागेसह पाहण्याचे काम ती करतात.

८. निष्कर्ष

(१) रंग आणि भाव यांची ठरीव जोडी वनजिल्ह्यांच्या अनुभवापुढे टिकत नाही.
(२) एकाच रंगाचा भाव पर्यटक, वेचणारा, शेतकरी व वन्यजीव यांच्यासाठी भिन्न असतो.
(३) लोकप्रिय वनछायाचित्रण विशिष्ट ऋतूपुरते आणि माणूस वगळून केलेले असल्याने ते अरण्याचा अपुरा परिचय देते.
(४) 'विभाव' ही संज्ञा अशा छायाचित्रांच्या समीक्षेसाठी आजही उपयुक्त आहे.

यातून अध्यापकांसाठी एक साधी सूचना पुढे येते. छायाचित्र स्पर्धेत चित्राखाली 'या रंगाने मला काय वाटले' या ओळीसोबत आणखी दोन नोंदी अनिवार्य कराव्यात : हे चित्र कोणत्या महिन्यातले व कोणत्या वेळचे, आणि या जागेवर कोण काम करते. दुसरी नोंद लिहिण्यासाठी विद्यार्थ्याला कॅमेरा खाली ठेवून कोणाशी तरी बोलावे लागेल. आपल्या महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी मोह वेचणाऱ्या आणि तेंदूपाने तोडणाऱ्या घरांतूनच येतात. त्यांना हे उत्तर आधीच ठाऊक असेल. आजवर आपण ते विचारले नव्हते, इतकेच.