आनंदघन यांचा दुसरा चित्रपट: नाव झाकलं, पण आवाजाचं काय?

टी-टेस्ट आपण सगळेच लावतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या प्लॉटवर दोन वाणांची तुलना असो, नाहीतर लॅबमधले दोन गट. ही चाचणी ज्या पेपरमधून आली, तो १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला गेला. लिहिणारा होता विल्यम गॉसेट, गिनेस या बिअर कंपनीत नोकरीला. संख्याशास्त्रात ‘स्टुडंट’, तसं मराठी संगीतात एक टोपणनाव आहे: ‘आनंदघन’.

लता मंगेशकरांनी या नावाने भालजी पेंढारकरांच्या चार चित्रपटांना संगीत दिलं: ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४), ‘साधी माणसं’ (१९६५) आणि ‘तांबडी माती’ (१९६९). मुख्य काम गाण्याचं. हा आजच्या भाषेत साइड प्रोजेक्ट. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला, तेव्हा आनंदघन म्हणजे कोण हे समारंभात जाहीर झालं. तो किस्सा सगळे सांगतात. मला मात्र दुसऱ्या चित्रपटाबद्दल बोलायचंय, कारण त्यातली गाणी सुटी सुटी गाजली आणि सलग काम म्हणून त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

सलग ऐकलं की पहिली गोष्ट लक्षात येते: कोणतं गाणं कुणाला द्यायचं, याची अचूक निवड. ‘अखेरचा हा तुला दंडवत’ लताबाईंनी स्वतः गायलंय. गाव सोडून जाणाऱ्या बाईचं गाणं. चाल साधी ठेवलीय, कुठेही गळ्याची करामत नाही, त्यामुळे शब्द आधी पोचतात. ‘रेशमाच्या रेघांनी’ ही शांता शेळके यांची लावणी आशा भोसले यांच्याकडे गेली आणि ‘शूर आम्ही सरदार’ हृदयनाथ यांच्याकडे. स्वतः एवढी मोठी गायिका असताना सगळ्यात ठसकेबाज गाणं धाकट्या बहिणीला देणं, हा संगीतकाराचा निर्णय आहे. गायिकेने कदाचित तो घेतला नसता.

सगळंच सारखं उतरलंय असं नाही. ‘मराठी पाऊल पडते पुढे’ ऐकताना अंगावर काटा येतो, हे खरं. पण शब्द बाजूला ठेवून नुसती चाल गुणगुणून बघा. जोश बराचसा शब्दांचा आणि समूहाच्या आवाजाचा आहे, चालीचा कमी. ‘अखेरचा’ची चाल शब्दांशिवायही टिकते. माझ्या मते दोन गाण्यांमधला फरक हाच.

आता आपल्या कामाचा मुद्दा. आनंदघनची गोष्ट बऱ्याचदा ‘नाव लपवलं, तरी गुणवत्तेला न्याय मिळाला’ अशी सांगितली जाते. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. नाव झाकलं होतं, पण गळे कुठे झाकले होते? लता, आशा, हृदयनाथ: पडद्यावर संगीतकार म्हणून कुणाचंही नाव असो, कानाला घर कळतंच. आपल्याकडे डबल-ब्लाइंड रिव्ह्यूला पेपर जातो. लेखकांची नावं काढलेली असतात आणि संदर्भात त्यांचेच बारा पेपर असतात. रिव्ह्यूअरला ओळखायला किती वेळ लागेल? तसंच हे. म्हणजे ही ‘ब्लाइंड’ चाचणी पूर्ण नव्हती, अर्धी होती. पुरावा म्हणून ती तेवढीच धरावी.

मग काम चांगलं आहे हे ठरवायचं कसं? पुरस्काराने नाही आणि नाव कळल्यावर बसलेल्या आश्चर्याच्या धक्क्यानेही नाही. वर केलं तसं: चाल वेगळी काढा, शब्द वेगळे काढा, आवाजाची निवड वेगळी तपासा, आणि मग काय उरतं ते बघा.

पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्यांनी हेच पेपर वाचतानाही करून बघावं. मित्राला पहिलं पान काढून उरलेला पेपर द्यायला सांगा. गाइड कोण, जर्नल कोणतं, संस्था कुठली, हे न बघता आधी मेथड आणि तक्ते वाचा आणि वहीत एका ओळीत मत लिहा. मग नाव बघा. मत बदललं तर कशामुळे बदललं, तेही लिहा. ती दुसरी ओळ जास्त शिकवते.

आणि हो, दुसरा चित्रपट सलग ऐका. नाव माहीत असूनही तो चांगलाच आहे.