पुरवणी आणि दुरुस्ती

समीक्षकापुढे येणारी कृती सिद्ध होऊनच आलेली असते, हे आपले एक जुने गृहीतक आहे. कादंबरी छापून झाली, नाटक रंगभूमीवर आले, म्हणजे कर्त्याचे काम संपले आणि समीक्षकाचे सुरू झाले, असे आपण मानतो. दुसरी आवृत्ती निघाली तरी तिला पहिलीचे पुनर्मुद्रण समजण्याकडेच आपला कल असतो. या गृहीतकाला धक्का देणारा एक कृतिप्रकार गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रूढ झाला आहे. संगणकावर खेळावयाचे डावपेचांचे खेळ हा तो प्रकार होय. हे खेळ प्रसिद्ध होतात, परंतु पूर्ण होत नाहीत. दर काही महिन्यांनी त्यांच्या नव्या पुरवणीची घोषणा होते, आणि तिच्यासमवेत एक दुरुस्तीही येते. पुरवणी विकत घ्यावी लागते. दुरुस्ती सर्वांना विनामूल्य मिळते. या दुरुस्तीला खेळणारे ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ठिगळ. ठिगळ जुने वस्त्र टिकविण्यासाठी लावतात. येथे मात्र ठिगळामुळे वस्त्राची वीणच बदलते. पुरवणी आणि दुरुस्ती यांचे हे नाते वाङ्मयविचाराच्या दृष्टीने तपासावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खेळांशी वाङ्मयाच्या अभ्यासकाचा संबंध काय, ही शंका येथे कोणी घेईल. तिचे उत्तर असे की, या खेळांचा विषय भूतकाळ आहे, त्यांत पात्रे आहेत, हेतू आहेत, एका घटनेतून दुसरी निष्पन्न होते. आणि आजच्या सुशिक्षित तरुणाच्या मनात मध्ययुगाचे जे चित्र उमटते ते ऐतिहासिक कादंबरीइतकेच, कदाचित तिच्याहून अधिक, या खेळांतून उमटते. इतिहासाला कथेचे रूप देणाऱ्या कृतीची समीक्षा आपण नाकारू शकत नाही.

प्रस्तुत लेखकाचा या प्रकाराशी परिचय बंगळुरातील बेळ्ळंदूर येथे झाला. तळ्याकाठचे हे जुने खेडे आता संगणक-व्यवसायाच्या इमारतींनी वेढले गेले आहे, आणि भारताच्या सर्व प्रांतांतून आलेले तरुण तेथे राहतात. त्यांपैकीच एक असलेल्या भाच्याच्या घरी रात्री ‘क्रुसेडर किंग्ज’ या खेळाचा नकाशा उघडलेला असे. खेळणाऱ्याने मध्ययुगातील एखाद्या सत्ताधीशाची भूमिका घ्यावयाची, विवाहसंबंध जुळवावयाचे, कारस्थाने करावयाची, युद्धे लढावयाची, आणि तो राजा मेला म्हणजे त्याच्या वारसाच्या रूपाने पुढे खेळावयाचे, असे या खेळाचे स्वरूप आहे. राज्याहूनही घराणे हा येथे नायक आहे. एका रात्री दख्खनचा भाग पडद्यावर असताना, या खेळात आपला देश आला कधी, असे मी विचारले. भाचा म्हणाला, “2014 मध्ये. नकाशा तेव्हा सगळ्यांना फुकट मिळाला होता, मामा. राजा व्हायचे तर मात्र पैसे मोजावे लागत.”

सहज उच्चारलेल्या या वाक्यात सबंध प्रश्न सामावलेला आहे. वस्तुस्थिती अशी. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स या संस्थेने ‘क्रुसेडर किंग्ज’चा दुसरा खेळ 2012 च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केला. त्यात आरंभी केवळ ख्रिस्ती सत्ताधीशांची भूमिका घेता येत असे. मुसलमान सत्ताधीश नकाशावर होते, परंतु त्यांच्या भूमिकेत शिरावयाचे तर त्याच वर्षी निघालेली एक पुरवणी विकत घ्यावी लागे. उत्तर युरोपातील मूर्तिपूजकांसाठी 2013 मध्ये दुसरी पुरवणी निघाली. मग 2014 च्या मार्चमध्ये ‘राजाज ऑफ इंडिया’ ही पुरवणी आली. तिच्यासमवेतच्या दुरुस्तीने नकाशा पूर्वेकडे वाढून भारतापर्यंत आला, आणि तो प्रत्येकाला मिळाला. हिंदू, बौद्ध वा जैन राजा होऊन खेळण्याचा अधिकार मात्र विकत घेणाऱ्यालाच होता. म्हणजे भूमी विनामूल्य आणि कर्तृत्व विकत. ज्याने पुरवणी घेतली नाही त्याच्याही पडद्यावर चालुक्य आणि चोळ एकमेकांशी लढत राहत, पण तो त्यांच्याकडे बाहेरूनच पाही. भारत दृश्य झाला होता. कर्ता झाला नव्हता.

या व्यवस्थेचा केवळ व्यापार म्हणून निषेध करणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही, आणि न्याय्यही नाही. ज्यांनी पुरवणी घेतली त्यांच्या पैशांतूनच दुरुस्तीचा खर्च निघतो, आणि तिचा लाभ न घेणाऱ्यांनाही होतो. समीक्षकाने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. पुरवणीने खेळात जी नवी सामग्री आणली, तिने खेळाचे नियम बदलले काय? कलाकृतीत आशय आणि घाट वेगळे राहू शकत नाहीत, हे तत्त्व आपण कादंबरीला लावतो. ते येथेही लावले पाहिजे. खेळाचा घाट म्हणजे त्याचे नियम. कोणती क्रिया शक्य आहे, कोणत्या क्रियेचे फळ कोणते, आणि कर्ता कोणास म्हणावयाचे, हे नियमच ठरवितात.

या कसोटीवर 2014 ची पुरवणी पाहावी. तिच्यात हिंदू राजाला इष्टदेवता निवडता येते. ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य अशी जात त्याला गुणासारखी चिकटविलेली असते. आणि हिंदू, बौद्ध व जैन या तीन धर्मांपैकी एकातून दुसऱ्यात जाण्याची मुभा त्याला आयुष्यात एकदा असते. रचनाकारांनी अभ्यास केला होता, हे यावरून दिसते; एकाच घराण्यात शैव आणि जैन उपासना नांदत हे त्यांना ठाऊक होते. परंतु जात ही येथे राजाच्या अंगचा एक गुण झाली. गावगाड्यात ती माणसामाणसांतील व्यवहार घडविते. पाणी, श्रम, सोयरीक आणि मरण यांची वाटणी करते. त्या अर्थाने ती खेळात आलीच नाही, कारण खेळाला गाव ठाऊक नाही. त्याला गावाचा धनी तेवढा ठाऊक आहे. नव्या देशाची नावे जुन्या नियमांवर बसविली, असे या पुरवणीचे वर्णन करावे लागेल.

नावे आणि नियम यांतील हे अंतर दख्खनच्याच एका प्रसंगावरून स्पष्ट होईल. खेळ सुरू करण्याचे एक वर्ष 1066 आहे. त्या वर्षी कल्याणीच्या गादीवर चालुक्य पहिला सोमेश्वर होता. दोन वर्षांनी दुर्धर आजारात त्याने तुंगभद्रेत देह ठेवला. थोरला मुलगा दुसरा सोमेश्वर राजा झाला, आणि 1076 मध्ये धाकट्या विक्रमादित्याने त्याला दूर सारून गादी घेतली. भावाभावांतील असा कलह म्हणजे या खेळाचे जीवितच. परंतु इतिहासातील विक्रमादित्याला जी गोष्ट लागली ती जुन्या खेळातील विक्रमादित्याला लागत नव्हती. ती गोष्ट म्हणजे कवी. काश्मीरहून आलेल्या बिल्हणाने ‘विक्रमाङ्कदेवचरित’ रचले, आणि धाकट्याने थोरल्याची गादी घेणे ही देवाचीच इच्छा होती, असे त्यात दाखविले. राज्य तलवारीने मिळाले तरी ते न्याय्य ठरावयास काव्य लागते, ही जाण त्या काळच्या राजाला होती. खेळाच्या नियमांना नव्हती.

पुढे ती आली, हे नमूद करणे आवश्यक आहे. तिसरा ‘क्रुसेडर किंग्ज’ 1 सप्टेंबर 2020 रोजी निघाला. त्यात भारत पहिल्या दिवसापासून होता, आणि भारतीय राजा होण्यासाठी वेगळे मूल्य द्यावे लागत नव्हते. पुढे 2024 च्या मार्चमध्ये ‘लेजेंड्स ऑफ द डेड’ ही पुरवणी निघाली. तिच्या सुमारास राजाच्या अधिकाराची लोकमान्यता आणि घराण्याच्या आख्यायिका पसरविण्याची क्रिया या गोष्टी खेळाच्या नियमांत आल्या. बिल्हणाला येथे प्रथमच जागा झाली, असे म्हणावयास हरकत नाही. या वेळी नवा देश आला नव्हता. सर्व देशांना लागू होणारे नवे कर्म आले होते. म्हणूनच नकाशाच्या विस्तारापेक्षा हा बदल मला अधिक मोलाचा वाटतो. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये ‘ऑल अंडर हेवन’ या पुरवणीने नकाशा चीन आणि जपानपर्यंत नेला. तिचे मूल्यमापनही तिने किती योजने भूमी जोडली यावरून होऊ नये.

मराठीच्या दृष्टीने प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. या खेळाचा कालखंड 867 पासून 1453 पर्यंतचा आहे. याच काळात मराठी ही ग्रंथांची भाषा झाली. लीळाचरित्राचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध; ज्ञानेश्वरीची समाप्ती 1290 मधील. त्यानंतर सहा वर्षांनी, 1296 मध्ये, अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला. नकाशावर या साऱ्यातील एकच घटना दिसू शकते, ती म्हणजे शेवटची. खेळातील राजा पुरेसे धर्मपुण्य साठवून नवा पंथ स्थापू शकतो, आणि त्या पंथाची तीन मूलतत्त्वे यादीतून निवडू शकतो. परंतु चक्रधरांना राज्य नव्हते. ज्ञानेश्वरांना तर गावात स्थानही नव्हते. ज्यांच्या कर्तृत्वाने तो काळ आजही आपल्याला आपला वाटतो, ती माणसे या नियमांनुसार कर्ती ठरत नाहीत. 2024 च्या सप्टेंबरमधील ‘रोड्स टू पॉवर’ या पुरवणीने भूमिहीन साहसी पुरुषाची भूमिका घेता येऊ लागली, ही दिशा योग्य आहे. मात्र तो भूमिहीन हातात तलवार घेऊन सोबत्यांसह भटकणारा आहे. भूमीची आकांक्षाच नसलेला माणूस नव्हे. आणि ही भूमिकादेखील विकतच मिळते.

आता पाठाच्या प्रश्नाकडे वळू. सतत दुरुस्त होणारी कृती आपल्या परंपरेला सर्वथा नवी नाही. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लिहिणाऱ्यांच्या हातून पडलेली पाठांतरे दूर करून मूळाकडे जावे, हा त्यांचा हेतू होता, आणि तिचे मूल्य त्यांनी कोणाकडून घेतले नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 मध्ये हाती घेतले आणि 1966 मध्ये पूर्ण केले. त्यांनी प्रक्षिप्त भाग संहितेतून काढला, तरी नष्ट केला नाही; तो टीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवला. आपल्या परिभाषेत पुरवणी म्हणजे प्रक्षेप आणि दुरुस्ती म्हणजे पाठशुद्धी. आपल्याकडे या दोन क्रिया एकमेकींच्या विरोधी आहेत: एक ग्रंथ वाढविते, दुसरी वाढ छाटून मूळ शोधते. खेळाच्या व्यवहारात त्या एकाच दिवशी, एकाच हातून होतात. आणि मूळ शोधण्याची कोणाला गरज भासत नाही, कारण तेथे प्रामाण्य मूळ पाठाला नसून अखेरच्या पाठाला आहे.

याचा परिणाम समीक्षेवर होतो. जुनी आवृत्ती मागवून घेण्याची सोय असते, परंतु खेळणाऱ्यांचा समुदाय पुढे गेलेला असतो, आणि जुन्या आवृत्तीत अर्धवट राहिलेला डाव नव्या आवृत्तीत नीट चालेलच असे नाही. 2014 च्या पुरवणीबद्दल मी वर जे म्हटले ते 2020 नंतरच्या खेळाला लागू पडत नाही, आणि आज लिहिलेले आणखी दोन वर्षांनी लागू पडेलच असे नाही. तेव्हा अशा कृतीच्या समीक्षकाने कोणत्या वर्षीची, कोणत्या दुरुस्तीनंतरची कृती आपल्यापुढे आहे हे प्रथम सांगितले पाहिजे. पोथीच्या अभ्यासकाची ही शिस्त आपण छापील ग्रंथांच्या युगात सैल केली. ती पुन्हा अंगी बाणवावी लागेल.

येऊ घातलेल्या कोणत्याही पुरवणीला म्हणून तीन प्रश्न विचारावेत. तिने नकाशा वाढविला की कर्म वाढविले? नव्याने आलेल्या लोकांना त्यांचे स्वतःचे नियम मिळाले की दुसऱ्यांचेच नियम नावे बदलून मिळाले? आणि त्यांचे कर्तृत्व सर्वांसाठीच्या दुरुस्तीत आले की पुरवणीच्या मूल्यात अडकले? हे प्रश्न ऐतिहासिक कादंबरीलाही लागू पडतात. पेशवाईचा वाडा, पागा, शेले आणि मुद्रा यांचे तपशील वाढवीत जाणारी आपली कित्येक कथानके पुरवणीच्या जातीची आहेत. माणसाकडे पाहण्याचा नियम त्यांनी बदललेला नाही.

बेळ्ळंदूरपासून काही मैलांवर बेगूर येथे नागेश्वराचे देऊळ आहे. तेथे गंगांच्या राजवटीतील, इसवी सन 890 च्या सुमाराचा एक वीरगळ आहे. नागत्तराच्या पदरचा बुट्टणसेट्टी बेंगळूरच्या लढाईत पडला, असे त्यावर कोरलेले आहे. बंगळूर या नावाचा ज्ञात असा सर्वांत जुना उल्लेख तो हाच. मी भाच्याबरोबर तेथे गेलो होतो. वर्ष पाहून तो म्हणाला, की ही लढाई त्याच्या खेळाच्या काळातच बसते. ती बसते हे खरे. परंतु खेळात बुट्टणसेट्टी कोठे असता? सरदाराच्या नावापुढे सैन्याची जी संख्या दिसते तिच्यातील एक एकक म्हणून तो असता, आणि लढाईनंतर ती संख्या एकाने कमी झाली असती. नवव्या शतकातील कोणा पाथरवटाला मात्र त्या एकाचे नाव लिहावेसे वाटले. मध्ययुगाविषयीच्या प्रत्येक नव्या कृतीकडून, मग ती विकत मिळो वा विनामूल्य, निदान तेवढी अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला अधिकार आहे.