सुधाकराचा राग प्याल्याआधीचा

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली, नाटककाराच्या निधनानंतर काही दिवसांतच, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. तेव्हापासून मद्यपानाच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणूनच त्याची ओळख रूढ झाली आहे. शीर्षकाचाच तसा आग्रह आहे. परंतु पेडणे-डिचोलीकडच्या देवळांच्या उत्सवी मंडपांत ज्या रसिकांनी संगीत नाटके पिढ्यान् पिढ्या जपली, त्यांच्यासमोर आम्ही एक वेगळा मुद्दा ठेवू इच्छितो. या शोकांतिकेचे बीज प्याल्यात नाही. ते सुधाकराच्या स्वभावात आहे.

नाटकाचा क्रम पाहावा. सुधाकर बुद्धिमान, मानी आणि तितकाच उतावळा वकील आहे. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, त्याची जीभ सुटते आणि सनद काही काळापुरती रद्द होते. या क्षणापर्यंत दारूचा थेंबही त्याच्या ओठांना लागलेला नाही. म्हणजे त्याचा पहिला हल्ला शुद्धीतला आहे. तो शब्दांचा आहे, इतकेच. तळीराम प्याला पुढे करतो तो त्यानंतर. असह्य झालेली अपमानाची आग त्याच क्षणी विझवायची, पुढचे पुढे, ही जी वृत्ती कोर्टात दिसली, तीच प्याला उचलते.

पुढे तो दारू सोडण्याचा निश्चय करतो. हा निश्चयही तसाच झटक्याचा असतो. कामासाठी दारोदार जाताना अपमान वाट्याला येताच तो कोसळतो आणि पूर्वीपेक्षा अधिक त्वेषाने व्यसनाकडे वळतो. पश्चात्ताप, प्रेम आणि क्रोध ही त्याच्या मनात पाठोपाठ येणारी वादळे आहेत. पोटच्या मुलावर आणि सिंधूवर उठलेला हात हे त्या मालिकेतले शेवटचे टोक होय.

आजचे मानसशास्त्र आवेगी आक्रमकता आणि पूर्वनियोजित आक्रमकता असा भेद करते. पहिलीत दुखावलेले मन विचाराला अवधीच देत नाही; दुसरीत राग थंड होतो, हिशेब मांडतो. नुसता उतावळेपणा माणसाला हिंसक करतोच असे नाही. कित्येक उतावळी माणसे केवळ उधळी वा धाडसी असतात. मात्र भावना क्षणाक्षणाला हेलकावत असतील आणि दुःखाच्या भरात कृती करण्याची सवय जडली असेल, तर धोका वाढतो. मद्य हा धोका निर्माण करत नाही. उरलासुरला लगाम तेवढा सैल करते. गडकऱ्यांना ही परिभाषा ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण भेद त्यांना पक्का उमगला होता. ‘भावबंधन’मधील घनश्यामही अपमानानेच पेटतो, पण तो वाट पाहतो, डाव रचतो. ज्या लतिकेवर तो सूड उगवू पाहतो, ती भूमिका आपल्या मंगेशीच्या दीनानाथांनी गाजवली होती. एकाच लेखणीतून अपमानाची ही दोन फळे उतरली आहेत.

आमच्या भागात दशावतारी नाटकात राक्षसाचा क्रोध झांजांच्या गजरात, आरोळी देत प्रवेश करतो. तो येणार हे सर्वांना आधी कळते. सुधाकराचा क्रोध असा वर्दी देऊन येत नाही. म्हणूनच तो साकारणाऱ्या नटाची कसोटी पहिल्या अंकात लागते. हौशी प्रयोगांत सगळी शक्ती झोकांड्यांवर आणि अडखळत्या जिभेवर खर्च होते. मग शेवटचा घाव केवळ दारूचा अपघात वाटतो. पहिल्या अंकातला शुद्धीतला सुधाकर जर प्रेक्षकाला किंचित अस्वस्थ करून गेला नाही, तर प्रयोग फसला असे आम्ही समजतो.

हा प्रश्न नुसत्या अभिनयाचा नाही. मरणाच्या दारातही सिंधू नवऱ्यावर ठपका येऊ नये म्हणून खोटे बोलते, आणि मंडपातले डोळे तिच्या पातिव्रत्यासाठी पाणावतात. घराघरांत ‘रागीट आहे, पण मनाचा चांगला’ हे वाक्य याच खोट्याचे धाकटे भावंड आहे. घरातील हिंसेपासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा आपल्या देशात २००५ साली झाला. परंतु हे वाक्य बोलले जाईपर्यंत तो उंबरठ्याबाहेरच ताटकळतो. सारा दोष बाटलीवर ढकलला की माणूस सुटतो, आणि स्वभाव म्हणजे नशीब असे म्हटले की तो दुसऱ्यांदा सुटतो.

स्वभाव हे कारण असेल. ती सबब नव्हे. रागाची पहिली ठिणगी ओळखता येते, तिथे थांबायला शिकता येते, शिकवताही येते. रामलालासारखा जिवलग मित्र असूनही सुधाकराला ते साधले नाही, कारण त्याच्याभोवतीची सगळी माणसे त्याच्या दारूशी झगडत राहिली. त्याच्या रागाशी कोणीच बोलले नाही. शंभर वर्षांनंतरही हे नाटक उभे करायचे, तर ते न झालेले बोलणे प्रेक्षकांच्या मनात सुरू व्हावे म्हणून करावे.